कमी कॉन्सन्ट्रेशनला ऑप्टिकल सेन्सरचा सिग्नल गायब होतो: दोष कुठे आणि कसा शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. सेन्सर १०० नॅनोमोलरला छान चालतो, १० नॅनोमोलरला बऱ्यापैकी चालतो, आणि १ नॅनोमोलरच्या खाली गेलं की ब्लँक (शोधायचा रेणू नसलेलं सॅम्पल) कोणता आणि सॅम्पल कोणतं हे आलेखावरून ओळखू येत नाही. एखाद्या दिवशी अर्धा नॅनोमोलरसुद्धा स्पष्ट दिसतं. दुसऱ्या दिवशी तीच चिप, तेच बफर (पीएच स्थिर राखणारं द्रावण), आणि ५ नॅनोमोलरलाही रेषा सपाट. मग सगळ्यांचं एकमत होतं की सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय. तिथून पुढे सोन्याऐवजी चांदी लाव, नॅनोरचना करून बघ, जास्त बिटांचा डिटेक्टर माग, असं सुरू होतं. महिने जातात आणि डिटेक्शन लिमिट होती तिथेच राहते.

हे पुन्हा पुन्हा होतं, कारण डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशन, हा भागाकार आहे. वर ब्लँकच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची तिप्पट, खाली कॅलिब्रेशन रेषेचा उतार, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनबरोबर सिग्नल किती वाढतो ते. चिप बदलून आपण उतार वाढवतो. पण त्याच बदलाने ब्लँकही तितकाच जास्त हलायला लागला तर हाती काहीच येत नाही. आणि अपवर्तनांकावर चालणाऱ्या सेन्सरमध्ये नेमकं तेच होतं: टार्गेट रेणू ज्या वाटेने सिग्नल देतो, त्याच वाटेने तापमान आणि बफरमधलं मीठही सिग्नल देतं. माझं ठाम मत आहे की उताराला हात लावण्याआधी ब्लँक शांत करावा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानेच लिमिट इतकी खाली येते की चिप बदलायचा विषय मागे पडतो.

मी मुख्यतः एसपीआर, म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सचा सेन्सर धरून लिहितो आहे. प्रिझमच्या तळाला सोन्याचा साधारण ५० नॅनोमीटरचा थर असलेली चिप, त्यावर टार्गेट पकडणारी अँटिबॉडी, आणि अँटिबॉडीवरून वाहणारं सॅम्पल. क्रेट्शमान यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही प्रकाशीय रचना लीडबर्ग, न्यूलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ मध्ये वायू आणि जैवरेणू ओळखायला वापरली. फायबरवरचे सेन्सर, रिंग रेझोनेटर, इंटरफेरोमीटर हेही शेवटी अपवर्तनांकच मोजतात, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. फ्लोरेसन्सची दुखणी थोडी वेगळी आहेत, ती शेवटाकडे घेतो.

एक एकक आधी ठरवून घेऊ: १ आरयू (रिस्पॉन्स युनिट) म्हणजे अपवर्तनांकात सुमारे ०.०००००१ चा फरक, किंवा पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १ पिकोग्रॅम प्रोटीन. पुढची सगळी तुलना याच मापात आहे.

आधी नुसतं बफर सोडा

सॅम्पल बाजूला ठेवा. रनिंग बफरच सॅम्पल आहे असं समजून, त्याच प्रकारच्या ट्यूबमधून, तेवढ्याच वेळासाठी, निदान आठ-दहा वेळा इंजेक्ट करा. मधे रीजनरेशन (चिकटलेलं टार्गेट काढून चिप पुन्हा मोकळी करणं) करत असाल तर तेही प्रत्येक वेळी करा. एरवी ब्लँक एकदाच, सगळ्यात आधी, चिप ताजी असताना घेतला जातो. असा एक ब्लँक काहीच सांगत नाही.

आता हे सगळे वक्र एकावर एक ठेवून बघा. रेषा बारीक थरथरतेय पण सरासरी जागेवर आहे, तर तो डिटेक्टर किंवा प्रकाशस्रोताचा नॉइज. रेषा गुळगुळीत आहे पण एका दिशेने सरकत चालली आहे, तर तापमान, पृष्ठभागावरून सुटणारे रेणू, किंवा प्रिझम आणि चिप यांच्यामधलं तेल. इंजेक्शन सुरू होताना आणि संपताना चौकोनी पायरी दिसते, तर बफर जुळत नाही. मधेच टोकदार उडी येऊन रेषा परत येते किंवा वरच अडकून बसते, तर बुडबुडा. आणि प्रत्येक रीजनरेशननंतर बेसलाइन थोडी वर किंवा खाली बसत असेल तर पृष्ठभाग बदलतोय. यातल्या एकाही दोषावर नवी नॅनोरचना हे उत्तर नाही.

थरथर आणि ड्रिफ्ट (रेषेचं एका दिशेने सरकणं) वेगळे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. तासभर बफर वाहू द्या, आकडे साठवा, आणि सरासरीचा काळ वाढवत जा: १ सेकंद, १० सेकंद, १०० सेकंद. शेजारशेजारच्या सरासऱ्यांमधला फरक किती राहतो ते बघा. डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये अणुघड्याळांसाठी हीच पद्धत मांडली. नॉइज खरोखर यादृच्छिक असेल तर शंभरपट वाचनांच्या सरासरीने तो दहापट कमी होतो. पण एका टप्प्यानंतर फरक कमी व्हायचा थांबतो आणि उलट वाढायला लागतो. तो वळणबिंदू २० सेकंदांवर असेल आणि तुमचं इंजेक्शन १० मिनिटांचं असेल, तर तुमचा शत्रू नॉइज नसून ड्रिफ्ट आहे. कितीही सरासरी काढली तरी तो जाणार नाही.

तापमान आणि बफर: खरी गळती इथे असते

पाण्याचा अपवर्तनांक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास दर अंशाला सुमारे ०.०००१ ने घटतो. ०.१ अंशाचा फरक म्हणजे जवळपास १० आरयू. एसीचा झोत उपकरणावर येणं, माणूस प्रिझमजवळ वाकून बघणं, फ्रिजमधून काढलेली बाटली तशीच जोडणं, एवढ्याने १० आरयू सहज सरकतात. तुम्ही २ आरयूचा सिग्नल शोधत असाल तर तो यात बुडणारच.

उपाय महाग नाहीत. फ्लो सेल (सॅम्पल जिच्यातून वाहतं ती खोबण) आणि प्रिझम एकाच धातूच्या ठोकळ्यात बसवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एकत्र बदलेल. आत येणारी नळी त्याच ठोकळ्यातून थोडी फिरवून आणा, म्हणजे द्रव सेन्सरवर पोचण्याआधी त्याच तापमानाला येईल. बाहेर बंद पेटी लावा. पेल्टिअर (विजेवर गरम-थंड करणारी पट्टी) असेल तर त्याचा तापमान-सेन्सर पेल्टिअरला चिकटवून नका ठेवू, फ्लो सेलजवळ ठेवा. आणि प्रकाशस्रोत मोजणीआधी चांगला तापू द्या. लेझर डायोड तापमानाबरोबर तरंगलांबी बदलतो, आणि मधूनच एका मोडवरून दुसऱ्यावर उडीही मारतो. ती उडी आलेखावर हुबेहूब बाइंडिंगसारखी दिसते.

बफरचा हिशेब त्याहून कडक आहे. सोडियम क्लोराइडचा १ मिलिमोलर फरक साधारण १० आरयू देतो. नेहमीच्या फॉस्फेट बफर्ड सलाइनमध्ये ते १३७ मिलिमोलर असतं. म्हणजे सॅम्पलच्या ट्यूबमधलं नुसतं १ टक्का पाणी उडालं तरी जवळजवळ १४ आरयूची पायरी तयार झाली. ट्यूबला झाकण न लावता रांगेत ठेवून दिलेली सॅम्पलं दिवसाच्या शेवटी जास्त सिग्नल देतात ती यामुळे, आणि ती रांग कॉन्सन्ट्रेशनच्या चढत्या क्रमाने लावलेली असेल तर चुकीचा सिग्नल अगदी सुंदर कॅलिब्रेशन रेषेसारखा दिसतो. म्हणून क्रम नेहमी मिसळून लावा.

डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवलेली रसायनं तपासत असाल तर आणखी जपून. सॅम्पल आणि रनिंग बफर यांच्यात डीएमएसओचा ०.१ टक्का फरक राहिला तरी शंभराहून जास्त आरयूची उडी येते. दोन्हीकडे तेवढाच डीएमएसओ घालणं पुरत नाही, कारण तो हवेतला ओलावा ओढतो आणि पिपेटिंगमध्येही थोडं पुढेमागे होतं. डीएमएसओचं प्रमाण मुद्दाम थोडं कमी-जास्त ठेवलेली चार-पाच बफरं चालवा, रेफरन्स चॅनेल (टार्गेट न पकडणारा, तुलनेसाठीचा मार्ग) आणि मुख्य चॅनेल यांचं नातं त्यांवरून काढा आणि त्याने दुरुस्ती करा.

इथेच दुहेरी वजाबाकीचं महत्त्व कळतं. मुख्य चॅनेलमधून रेफरन्स चॅनेल वजा करायचा, आणि आलेल्या उत्तरातून ब्लँक इंजेक्शनचं तसंच उत्तर वजा करायचं. पहिल्या वजाबाकीने तापमान आणि बफरचा मोठा भाग जातो, दुसरीने दोन चॅनेलांमधला उरलेला फरक जातो. रेफरन्स म्हणून उघडं सोनं ठेवू नका. तिथे त्याच प्रकारची पण टार्गेटला न ओळखणारी अँटिबॉडी, शक्यतो तेवढ्याच घनतेने बसवा.

बुडबुड्यांचं थोडक्यात सांगतो. थंड बफर फ्लो सेलमध्ये कोमट झालं की त्यात विरलेली हवा बाहेर येते. बफर आधी खोलीच्या तापमानाला आणा, मग डीगॅस करा. बुडबुडा अडकलाच तर काही सेकंद प्रवाह जोरात वाढवा.

पृष्ठभाग: अँटिबॉडी बसली म्हणजे काम करते असं नाही

ब्लँक शांत आहे, बफर जुळतं आहे, तरी उतार कमी आहे? मग बघायची जागा रसायनशास्त्र आहे.

सोन्यापासून सुरुवात करा. स्वच्छ सोन्यावर पाण्याचा थेंब पसरतो. हवेत राहिलेल्या सोन्यावर कार्बनी संयुगांचा पातळ थर बसतो आणि थेंब गोल उभा राहतो. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, आणि थायोल (सोन्याला चिकटणारं गंधकाचं संयुग) लावण्याआधी रोज बघावं. यूव्ही-ओझोन किंवा प्लाझ्माने स्वच्छ केलेली चिप लगेच थायोलमध्ये बुडवा. पिरान्हा द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) वापरत असाल तर ते सेंद्रिय पदार्थाशी स्फोटक अभिक्रिया करतं हे विसरू नका: अ‍ॅसिटोनचा मागमूस असलेली चिप त्यात जाता कामा नये, आणि उरलेलं द्रावण बाटलीत बंद करून ठेवू नये.

नंतर अमाइन कपलिंग, म्हणजे अँटिबॉडीचे अमाइन गट वापरून तिला चिपवर बांधणं. इथे एक दोष इतक्या वेळा सापडतो की तो आधी तपासा: अँटिबॉडीच्या कुपीवरचं लेबल वाचा. विकतच्या अँटिबॉडीत टिकवण्यासाठी बरेचदा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन), ग्लायसीन, ट्रिस किंवा सोडियम अझाइड घातलेलं असतं. बीएसएचं प्रमाण अँटिबॉडीपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. ट्रिस आणि ग्लायसीन यांच्यात मोकळा अमाइन गट असतो. अझाइडही सक्रिय एस्टरशी अभिक्रिया करतं. म्हणजे ईडीसी आणि एनएचएस या रसायनांनी चिपवर तयार केलेल्या सक्रिय जागा अँटिबॉडीऐवजी हे पदार्थ खाऊन टाकतात. आलेखावर कपलिंगची मोठी उडी दिसते, आपण खूश होतो, आणि प्रत्यक्षात चिपवर बीएसए बसलेलं असतं. डीसॉल्टिंग कॉलमने लहान रेणू निघतात पण बीएसए निघत नाही. त्यासाठी प्रोटीन जी (अँटिबॉडी पकडणारं प्रोटीन) वापरून शुद्ध करा, किंवा अशी भर (कॅरिअर) नसलेली अँटिबॉडी मागवा.

दुसरी गोष्ट पीएच. कार्बोक्सिमिथाइल डेक्स्ट्रानच्या चिपवर ऋण प्रभार असतो. अँटिबॉडी तिथे गोळा व्हायची तर तिच्यावर धन प्रभार हवा, म्हणजे बफरचा पीएच तिच्या आयसोइलेक्ट्रिक बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण प्रभार शून्य होतो त्याच्या) खाली हवा. १० मिलिमोलर अ‍ॅसिटेट बफर ४.०, ४.५, ५.० आणि ५.५ या पीएचचं बनवा आणि सक्रिय न केलेल्या चिपवर अँटिबॉडी एकेकात सोडून बघा. ज्या पीएचला ती भरभर गोळा होते आणि नंतर पूर्ण धुऊन जाते, त्यातला सगळ्यात वरचा निवडा. फार आम्ल ठेवलं तर प्रोटीनचं नुकसान होतं आणि अमाइन गट प्रोटॉन घेऊन निष्क्रिय राहतात. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली तर आत दव धरतं आणि पावडर खराब होते. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

घनता जास्त म्हणजे सिग्नल जास्त, हेही एका मर्यादेपर्यंतच खरं. अँटिबॉडी दाटीवाटीने बसल्या की एकमेकींची बंधन-जागा झाकतात. लांब कार्बोक्सिल थायोल एक भाग आणि आखूड, ग्लायकॉल टोक असलेला थायोल नऊ भाग असा मिश्र थर बरेचदा जास्त उतार देतो, आणि नको ते प्रोटीन चिकटणंही कमी करतो. सक्रियता मोजायची पद्धत सोपी आहे: भरपूर टार्गेट सोडून सगळ्या जागा भरा आणि मिळालेला सिग्नल रेण्वीय वजनांवरून काढलेल्या अपेक्षित सिग्नलशी ताडून बघा. अपेक्षित १००० आणि मिळाले १५०, तर चिपवरच्या बहुतांश अँटिबॉडी मुक्या आहेत. मग प्रोटीन ए किंवा जी, किंवा बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरून त्यांची दिशा सुधारा. इथे उतार पाचपट वाढायला वाव आहे, आणि तो वाढला तरी तापमानाचा त्रास वाढत नाही. म्हणून चिपच्या प्रकाशीय रचनेपेक्षा ही सुधारणा मला कधीही जास्त मोलाची वाटते.

दहा मिनिटांत किती रेणू येणार?

हा हिशेब कागदावर केला की अनेक गैरसमज जागच्या जागी मिटतात. समजा अँटिबॉडी चांगली आहे: जोडणीचा वेग सेकंदाला आणि मोलरला १,००,०००, सुटण्याचा वेग सेकंदाला ०.०००१, म्हणजे केडी (ज्या कॉन्सन्ट्रेशनला समतोलात अर्ध्या जागा भरतात ते) १ नॅनोमोलर. चिपची कमाल क्षमता १००० आरयू. १ नॅनोमोलर सॅम्पल दहा मिनिटं सोडलं तर साधारण ५७ आरयू मिळतील, झकास सिग्नल. आता १ पिकोमोलर घ्या. समतोलाला पोचल्यावरही हजारातली एकच जागा भरलेली असेल, म्हणजे १ आरयू. आणि समतोलाकडे जायचा कालस्थिरांक १०,००० सेकंद, पावणेतीन तासांहून जास्त. दहा मिनिटांत हाती येणार ०.०६ आरयू.

हा आकडा प्रकाशशास्त्राने ठरवलेला नाही. प्रिझम, सोनं, लेझर काहीही बदललं तरी पृष्ठभागावर आलेले रेणू तेवढेच. इथे उपयोगी पडतात ते तीन मार्ग: जास्त वेगाने जोडली जाणारी अँटिबॉडी, जास्त वेळ, किंवा टार्गेट आधी चुंबकीय कणांवर गोळा करून थोड्या द्रवात सोडणं. तासभर सॅम्पल फिरवलं तर वरच्याच उदाहरणात ०.३ आरयू मिळतात, पाचपट. पण तासभराचं मोजमाप करायचं तर तासभर बेसलाइन शांत हवी. पुन्हा तापमानच.

रेणू पृष्ठभागापर्यंत पोचतात का हा वेगळा प्रश्न. अँटिबॉडीएवढ्या मोठ्या प्रोटीनला पाण्यात नुसत्या विसरणाने १०० मायक्रोमीटर जायला दोनेक मिनिटं लागतात आणि १ मिलिमीटर जायला साडेतीन तास. न ढवळलेल्या उंच खोबणीत सेन्सर ठेवला असेल तर बहुतेक टार्गेट वरच राहून जातं. तपासायचं असं: तेच सॅम्पल मिनिटाला १०, ३० आणि १०० मायक्रोलिटर वेगाने सोडा. सुरुवातीचा चढ वेगाबरोबर वाढत असेल तर वहन कमी पडतंय. चॅनेलची उंची कमी करा, वेग वाढवा. चढ बदलत नसेल तर पंपाशी खेळून काही मिळणार नाही.

फेम्टोमोलरचे दावे वाचताना एक आकडा मनात ठेवावा: १ फेम्टोमोलर म्हणजे १ मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६०० रेणू. फ्लो सेलचं आकारमान ०.१ मायक्रोलिटर असेल तर त्यात एका वेळी ६० रेणू. ते अँटिबॉडीला भेटतील कधी, याचं उत्तर दाव्यात असायला हवं.

लहान रेणू

कीटकनाशक, प्रतिजैविक, विष असे ५०० डाल्टनच्या आसपासचे रेणू शोधताना आणखी एक भिंत असते. ५० किलोडाल्टनचं प्रोटीन १००० आरयू बसवलं आणि प्रत्येकाला एक लहान रेणू चिकटला, तरी कमाल सिग्नल १० आरयू. १० टक्के जागा भरल्या तर १. अशा वेळी मोजणी उलटी करा. लहान रेणूची नक्कल चिपवर पक्की बसवा, सॅम्पलमध्ये ठरावीक अँटिबॉडी मिसळा आणि मग सोडा. सॅम्पलमध्ये विष असेल तेवढी अँटिबॉडी अडकते, उरलेली चिपवर बसते. मोजला जातो तो १५० किलोडाल्टनचा रेणू, ५०० डाल्टनचा नव्हे. अँटिबॉडी जितकी कमी घालाल तितकी लिमिट खाली जाते, फक्त ब्लँकमधला सिग्नल स्पष्ट मोजता यायला हवा.

मोठ्या टार्गेटसाठी सँडविच करता येतं: पहिली अँटिबॉडी टार्गेट पकडते, दुसरी त्यावर बसते, आणि दुसरीवर सोन्याचा नॅनोकण लावला तर सिग्नल कैक पटींनी वाढतो. पण नॅनोकण रिकाम्या चिपवरही थोडे चिकटतात, आणि ते चिकटणंही तितक्याच पटींनी वाढतं. टार्गेट न घालता पूर्ण सँडविच करून बघा. आणि टार्गेट, दुसरी अँटिबॉडी एकत्रच सोडत असाल तर फार जास्त कॉन्सन्ट्रेशनला सिग्नल उलट पडतो हे ध्यानात ठेवा. संशय आला तर सॅम्पल दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

आता प्रकाशशास्त्र

इथवर सगळं नीट असेल तरच इथे या. पहिलं पोलरायझेशन: प्लाझ्मॉन (सोन्याच्या पृष्ठभागावरची इलेक्ट्रॉनांची लाट) फक्त पी-पोलराइज्ड प्रकाशाने जागा होतो. पोलरायझर थोडा फिरलेला असेल तर डिपचा (प्लाझ्मॉनमुळे परावर्तित प्रकाशात पडणाऱ्या खड्ड्याचा) तळ वर उचलला जातो आणि कॉन्ट्रास्ट कमी होतो. मग सोन्याची जाडी. ५० नॅनोमीटरच्या आसपास डिप खोल मिळते. जाड थरात ती उथळ होते, पातळ थरात पसरट. खालचा क्रोमियमचा थर सोनं धरून ठेवण्यापुरता, २ नॅनोमीटरच्या आसपास असावा, कारण क्रोमियम प्रकाश शोषून डिप रुंद करतं.

आणि रुंदी महत्त्वाची आहे. एका सेन्सरचा उतार, म्हणजे डिपचं सरकणं, अपवर्तनांकाच्या एककाला ३००० नॅनोमीटर पण डिप १५० नॅनोमीटर रुंद, दुसऱ्याचा उतार ३०० पण रेषा १ नॅनोमीटर रुंद. उतार भागिले रुंदी पहिल्याची २०, दुसऱ्याची ३००. तळ नेमका कुठे आहे हे दुसऱ्यात कितीतरी अचूक सांगता येतं. नुसता उतार मोठा करून दाखवणारे निकाल म्हणूनच मला अपुरे वाटतात. शिवाय तो उतार अनेकदा लांब तरंगलांबीकडे जाऊन, प्रकाशाचं क्षेत्र द्रवात आणखी खोल नेऊन वाढवलेला असतो. एसपीआरचं क्षेत्र तसंही २०० नॅनोमीटरच्या आसपास पसरतं आणि अँटिबॉडी असते १०-१५ नॅनोमीटरची. जास्त खोल क्षेत्र म्हणजे बफर आणि तापमानाला जास्त वाटा. सोन्याच्या नॅनोकणांचं क्षेत्र काही दशक नॅनोमीटरमध्येच संपतं. त्यांचा द्रवातला उतार कमी असला तरी पृष्ठभागावरच्या रेणूंसाठी ते म्हणूनच कमी पडत नाहीत.

डिटेक्टरच्या बिटांचा प्रश्नही हिशेबाने सुटतो. एका पिक्सेलमध्ये ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात असं धरा. त्यांचा शॉट नॉइज वर्गमुळाएवढा, सुमारे २२४, म्हणजे ०.४५ टक्के. १२ बिटांची एक पायरी ०.०२४ टक्के असते. पायरी आधीच नॉइजपेक्षा कितीतरी बारीक आहे, १६ बिट घेऊन काही फरक पडणार नाही. फरक पडतो तो जास्त प्रकाश आणि जास्त फ्रेमच्या सरासरीने. डिपचा तळ ठरवताना सगळ्यात काळा पिक्सेल निवडू नका. तळाच्या दोन्ही बाजूंचे अनेक बिंदू घेऊन वक्र बसवा किंवा सेंट्रॉइड (भारित मध्य) काढा, कारण स्थानाची खरी माहिती उतरत्या भिंतींवर असते. खोलीतले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झने लुकलुकतात. स्रोताला किलोहर्ट्झमध्ये मॉड्युलेट करून लॉक-इनने (फक्त तीच वारंवारता वाचणाऱ्या उपकरणाने) वाचलं की तो त्रास जातो, आणि डिटेक्टरचा कमी वारंवारतेचा नॉइजही. रेषेवर नियमित लाटा दिसत असतील तर समांतर काचेच्या दोन पृष्ठांमधला व्यतिकरण-पट्टा शोधा. काच किंचित तिरकी करा.

खरं सॅम्पल आलं की सगळं कोलमडतं

बफरमध्ये लिमिट उत्तम आणि सिरममध्ये (रक्ताच्या द्रव भागात) काहीच ओळखू येत नाही, ही सगळ्यात दुखरी अवस्था. सिरममध्ये मिलिलिटरला ६० ते ८० मिलिग्रॅम प्रोटीन असतं. तुमचं टार्गेट १ नॅनोग्रॅम असेल तर एकास सात कोटी असं प्रमाण झालं. दहापट पातळ केलेलं सिरमसुद्धा नुसत्या अपवर्तनांकाने हजाराहून जास्त आरयू वर नेतं. म्हणून सिरम वाहत असताना वाचन घेऊच नका. सिरमच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तेच स्वच्छ बफर वाहत असताना वाचा आणि फरक घ्या. सॅम्पलमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) आणि थोडं जास्त मीठ घातलं की विद्युत आकर्षणाने चिकटणारं बरंच कमी होतं. तरीही रेफरन्स चॅनेलवर बसणारं प्रोटीन सिग्नलपेक्षा मोठं राहत असेल तर वजाबाकीवर विसंबू नका. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी दोन्हींचा नॉइज घेऊन येते. सँडविचची दुसरी अँटिबॉडी वापरा, कारण ती बाकी गर्दीतून फक्त टार्गेट निवडते.

फ्लोरेसन्सवाल्यांसाठी

इथे ब्लँकचा आकडा हलण्यापेक्षा मुळात मोठा असणं हा त्रास असतो. पाण्याचा स्वतःचा रामन सिग्नल अनेकांना फसवतो: ३५० नॅनोमीटरने उद्दीपित केलं की तो ३९७ च्या आसपास येतो. ओळखायला उद्दीपन ३४० वर न्या. रामन शिखर ३८४ कडे सरकेल, खऱ्या डायचं (चमकणाऱ्या रंगद्रव्याचं) शिखर जागेवर राहील. साधी पारदर्शक प्लॅस्टिक प्लेट स्वतः चमकते, काळी घ्या. उद्दीपनाच्या तरंगलांबीला सॅम्पलचं शोषण ०.१ च्या खाली ठेवा, नाहीतर प्रकाश आतवर पोचायच्या आधीच संपतो आणि कॅलिब्रेशन वाकतं. रक्ताच्या नमुन्यांसाठी लाल किंवा जवळच्या अवरक्त पट्ट्यातले डाय निवडा. तरीही पार्श्वभूमी भारी पडत असेल तर युरोपियम कीलेट घ्या: त्याची चमक शेकडो मायक्रोसेकंद टिकते, पार्श्वभूमीची काही नॅनोसेकंदांत विझते. थोडं थांबून डिटेक्टर उघडला की ब्लँक जवळपास कोरा मिळतो.

यातला कोणताही बदल केल्यावर तपासणी मात्र एकच करा. आठ ब्लँक आणि अपेक्षित लिमिटच्या दुप्पट कॉन्सन्ट्रेशनची आठ सॅम्पलं, ट्यूबवर फक्त क्रमांक, क्रम मिसळलेला, आणि कोणत्या ट्यूबमध्ये काय आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक नाही. हे निदान तीन वेगळ्या चिपवर आणि वेगळ्या दिवशी करा. दोन्ही गट तिन्ही वेळा स्वच्छ वेगळे पडले तर ती लिमिट लिहा. एका चिपवर पडले आणि दुसऱ्यावर नाही, तर पृष्ठभागाच्या भागाकडे परत जा, आणि सुरुवात त्या कुपीवरच्या लेबलपासून करा.